पुस्तक परदेशी, बाजार वेंगुर्ल्याचा

माझे धाकटे दीर बोटीवर होते. सुट्टीवर येताना ते माझ्यासाठी दर खेपेला एक पाककृतींचं पुस्तक आणायचे. पहिलं सिंगापूरहून आलं, मग इटली, ब्राझील, थायलंड. आज फडताळात चौदा पुस्तकं आहेत. मी सव्वीस वर्षं शाळेच्या प्रयोगशाळेत सहायक होते, त्यामुळे मोजून घालायचं आणि लगेच लिहून ठेवायचं ही सवय हाताला आहे. त्या सवयीच्या जोरावर या पुस्तकांतले बरेच पदार्थ वेंगुर्ल्याच्या स्वयंपाकघरात करून झाले. कुणाला करून बघायचे असतील तर माझी रीत सांगते.

पुस्तकातला फोटो बघून पदार्थ ठरवायचा आणि मग सामानासाठी वणवण करायची, हे मी पहिल्या वर्षातच सोडलं. आधी बाजारात जायचं. ताजं काय आलंय ते बघायचं आणि घरी येऊन त्याला शोभेल ते पान उघडायचं. पुस्तकात कॉड, हॅलिबट असली नावं असतात, ती वाचून थांबू नका. पाककृतीला मासा कसा हवाय ते बघा. जाड, पांढरा, न मोडणारा तुकडा हवा असेल तर मोडोसा, तांबोशी किंवा सुरमई घ्या. पोर्तुगालमध्ये सार्डिन जाड्या मिठात घोळवून निखाऱ्यावर भाजतात, तिथे आपले तारले चालतात, फक्त आकाराने लहान म्हणून भाजायचा वेळ कमी. बोंबलासारखा पाणीदार मासा मात्र परदेशी पाककृतीत घालायला जाऊ नका, त्याचं सगळं पाणी होतं.

दुसरं, पहिल्या वेळी पुस्तक सांगेल तसंच करायचं. मला यावर ठाम राहावंसं वाटतं. आपला हात आपोआप तिखटाच्या डब्याकडे जातो, फिकं दिसलं की खोबऱ्याचं वाटप आठवतं. तो हात आवरा. मालवणी मसाला घातलेली थाई आमटी कदाचित छान लागेल, पण थायलंडातली माणसं काय जेवतात ते तुम्हाला कधीच कळणार नाही. पदार्थ एकदा त्यांच्या चवीने खा, मग दुसऱ्या वेळी हवा तसा घरचा करा.

आता मापं. बहुतेक पदार्थ इथेच बिघडतात. अमेरिकन पुस्तकातला कप साधारण 240 मिलीचा, ऑस्ट्रेलियातला 250 चा, जपानी 200 चा. मोठा चमचा सगळीकडे 15 मिली, पण ऑस्ट्रेलियन पुस्तकात 20. आपल्या वाटीला तर काही प्रमाणच नाही, माझ्याच घरात तीन मापांच्या वाट्या आहेत. म्हणून शंभर मिलीचं एक मोजपात्र आणि ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा घ्या. लोण्याची ‘एक स्टिक’ म्हणजे 113 ग्रॅम, आणि ते बहुधा बिनमिठाचं धरलेलं असतं. आपल्याकडचं पिवळं बटर खारट असतं, तेव्हा मीठ आवरून घाला. अंड्याचंही तसंच आहे. त्यांचं मोठं अंडं कवचाशिवाय साधारण 50 ग्रॅम भरतं. आमच्या परसातल्या कोंबडीचं अंडं कवचासकट चाळीसच्या आसपास. केकमध्ये ‘तीन अंडी’ म्हटलं तर मी गावठी चार फोडते आणि वजन बघते.

ओव्हनचा आकडा बघताना तो फॅरेनहाइट आहे की सेल्सिअस हे आधी वाचा. पुस्तकातलं 350 म्हणजे आपल्या ओटीजीवरचं साधारण 180.

हवामानाचा विचार पुस्तक करत नाही, तो आपण करायचा. ‘लोणी खोलीच्या तापमानाला येऊ द्या’ असं लिहिणारा माणूस वीस अंशांच्या खोलीत बसलेला असतो. मे महिन्यात आमच्या ओट्यावर लोणी वाडग्यात तरंगायला लागतं. ते फ्रिजमधून काढल्यावर दहा मिनिटांत वापरावं, बोट दाबलं तर खळी पडावी एवढंच मऊ. यीस्टचं पीठ पुस्तकात दीड तास ठेवायला सांगतात, इथे ते चाळीस-पन्नास मिनिटांत दुप्पट होतं. घड्याळ बघू नका, पीठ बघा. जास्त फुगू दिलं तर आंबूस वास येतो आणि पाव बसतो. पावसाळ्यात मैदा हवेतली ओल धरतो, म्हणून सगळं पाणी एकदम ओतायचं नाही, दोन-तीन चमचे मागे ठेवायचे. आणि पावसाळ्यात लाईटचा भरवसा नसतो. माझा एक केक पंचवीस मिनिटं फुगून, लाईट गेल्यावर मधोमध खचला. तेव्हापासून जून ते सप्टेंबर मी ओव्हनचे पदार्थ करतच नाही, चुलीवर किंवा गॅसवर होईल तेच निवडते.

सुरुवात कशाने करावी असं मला विचारलंत तर तिसऱ्यांच्या, म्हणजे शिंपल्यांच्या स्पॅगेटीने. नेपल्सकडचा हा पदार्थ आहे आणि आपल्याला अवघड असं त्यात काही नाही, कारण तिसऱ्या साफ करायची अक्कल आपल्याकडे आधीच आहे. मिठाच्या पाण्यात दोन तास ठेवून वाळू सोडू द्या, चोळून धुवा. उघड्या राहिलेल्या, टिचकी मारूनही न मिटणाऱ्या टाकून द्या. ऑलिव्ह तेलात लसणीच्या चकत्या मंद आचेवर, तांबूस न करता. मग तिसऱ्या आणि झाकण. पुस्तकात पांढरी वाईन असते, मी अर्धी वाटी पाणी आणि शेवटी लिंबू घेते. चार-पाच मिनिटांत शिंपा उघडतात. जी उघडत नाही ती खायची नाही. खाली साठतं ते राखाडी, खारट पाणी म्हणजे या पदार्थाचा जीव. ते गाळून घ्या, कारण तळाला वाळू असतेच. स्पॅगेटी वेष्टनावरच्या वेळेपेक्षा दोन मिनिटं आधी काढून त्या पाण्यात शिजवत संपवायची. मीठ अगदी शेवटी चाखून. खोबरं नाही, कोकम नाही, चीजसुद्धा नाही. आमच्याकडे एकशिपी करतात तेव्हा हेच पाणी वाटपात मुरतं, इथे ते उघडं भेटतं. पहिल्यांदा खाल्लं तेव्हा तिसरीची खरी चव मला इतक्या वर्षांनी कळली.

नारळाच्या बाबतीत मात्र आपलं ज्ञान आडवं येतं. आपण रस शेवटी घालतो, उकळी फुटू देत नाही, फुटला तर चुकलं म्हणतो. थाई आमटीत तो मुद्दाम फोडायचा असतो. एका नारळाचा चव (खवलेलं खोबरं) कोमट पाण्यात वाटून घट्ट पिळा, हा रस दोन तास फ्रिजमध्ये ठेवा. वर साय जमते. ती सायच कढईत घ्या आणि मध्यम आचेवर हलवत राहा. आधी बुडबुडे मोठे असतात, मग लहान होतात, आवाज बदलतो, चुरचुरल्यासारखा येतो आणि कडेला तेल दिसायला लागतं. त्या तेलात मिरचीचं वाटण परतायचं. पातळ रस नंतर. डब्यातल्या रसात बरेचदा तो फुटू नये म्हणून काही मिसळलेलं असतं, त्यामुळे तेल नीट सुटत नाही. इथे आपला ताजा नारळ वरचढ आहे. गवती चहा परसात असतोच, पण पात नको, बुंध्याचा पांढरा भाग घ्या. गलांगल, म्हणजे आल्यासारखा थाई कंद, त्याच्या जागी आलं घातलं तर चव वेगळी होते. माझी झाली तेव्हा मी वहीत तसं लिहिलं आणि पाहुण्यांनाही तसंच सांगितलं.

बदली जिन्नस निवडताना मी एकच प्रश्न विचारते: हा जिन्नस तिथे काय काम करतोय? आंबट करतोय, घट्ट करतोय, की वास देतोय? इटालियन रिसोट्टो, म्हणजे तिथला दाट, मऊ भात, मी एकदा उकड्या तांदळाचा केला. तो शिजला, पण दाणे सुटे ते सुटेच, कारण उकडताना त्याचं पीठ आतच घट्ट होऊन बसतं आणि रिसोट्टोला ते बाहेर सुटायला हवं असतं. आंबेमोहराने बराच जमला.

या प्रश्नाचं सर्वांत सुंदर उत्तर मला तिरफळात मिळालं. चीनमधल्या सिचुआनच्या पुस्तकात एक मिरं होतं, जिभेला मुंग्या आणणारं. वर्णन वाचताना बांगड्याचं तिखलं डोळ्यांसमोर आलं. सिचुआनचं मिरं आणि आपलं तिरफळ एकाच कुळातली झाडं आहेत. दोन्हीकडे काळी बी टाकून फक्त टरफल वापरतात. मी कुंग पाओ चिकन करायला घेतलं, पण घाईत तीन-चार बिया राहिल्या आणि प्रत्येक घासाला दाताखाली वाळूसारखं कचकच आलं. दुसऱ्या वेळी एकेक टरफल नखाने उघडून बी झटकली, टरफलं तव्यावर वास येईपर्यंत कोरडी भाजली आणि खलात भरड केली. तिरफळाचा वास जास्त उग्र, म्हणून पुस्तकातल्या मापाच्या निम्मं. सासूबाई ओट्याशी येऊन म्हणाल्या, “ह्या काय करतंस गो? तिरफळां बांगड्याक घालतत, चिकनाक नाय.” जेवताना काही बोलल्या नाहीत, पण भात संपल्यावर वाडगं पुन्हा पुढे केलं.

एका पदार्थापासून मात्र सावध करते. पेरू देशाचं सेविचे, म्हणजे लिंबाच्या रसात मुरवलेला कच्चा मासा. रसाने मासा पांढरा होतो, शिजल्यासारखा दिसतो, पण त्यातले जंतू आणि कृमी मरतील याची खात्री नसते. मी कोलंबी उकळत्या पाण्यातून शिजवून काढते आणि मग रसात घालते. इक्वाडोरमध्ये कोलंबीचं सेविचे शिजवूनच करतात, त्यामुळे हा काही घरगुती पळवाटीचा पदार्थ नाही.

जून-जुलैत मासेमारी बंद असते, बाजारात सुकं तेवढं मिळतं. तेव्हा ब्राझीलच्या बाहियाचं पुस्तक काढायचं. तिथला वातापा म्हणजे सुकी कोलंबी, काजू किंवा शेंगदाणे, शिळा पाव, नारळाचा रस आणि आलं. ही यादी पहिल्यांदा वाचली तेव्हा मी उठून आमचं फडताळ उघडलं. सगळं होतं. काजूचं झाड ब्राझीलमधूनच पोर्तुगीजांनी या किनाऱ्यावर आणलं, आणि ‘काजू’ हा शब्दही तिकडचाच. पाव हा शब्दही पोर्तुगीजच.

वातापासाठी चार शिळे पाव नारळाच्या पातळ रसात भिजवा. अर्धी वाटी सोडे कोरडे भाजून पूड करा, अर्धी वाटी काजू वेगळे वाटा. कांदा, आलं, मिरची तेलात परता, त्यात हे सगळं घालून मंद आचेवर सतत ढवळा, शेवटी दाट रस. डावाला चिकटून सावकाश पडेल इतकं घट्ट झालं की उतरवा. तिथे त्यात पामचं लाल तेल असतं. ते इथे मिळत नाही, मी घाण्याचं खोबरेल घेते. तो लाल रंग येत नाही आणि त्या तेलाचा वासही नाही. सोबत आकाराजे करा. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर हा वडा बाहियाला गेला, आजही तिथल्या साल्व्हादोर शहराच्या रस्त्यांवर पांढऱ्या पोशाखातल्या बायका तो तळतात. चवळी रात्रभर भिजवून, चोळून सालं काढा. हे काम तासाभराचं आहे, घरात कुणी रिकामं असेल त्याला बसवा. पाणी न घालता कांद्याबरोबर वाटा, मीठ घाला आणि लाकडी डावाने पीठ हलकं होईपर्यंत दहा मिनिटं फेटा. पाण्यात टाकलेला थेंब तरंगला की तळायला घ्या. वडा मधून चिरून आत गरम वातापा भरायचा आणि उभ्याउभ्याच खायचा.