गाडी पडते एका जागी, दुखणं असतं मागे: बागेतल्या रेल्वेच्या रूळदुरुस्तीचा अनुभव

बागेतल्या रेल्वेवर, म्हणजे उघड्यावर रूळ टाकून चालवायच्या छोट्या मॉडेल गाड्यांच्या लाइनीवर, स्वयंसेवक म्हणून रूळ दुरुस्तीला यायचं ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी सुरुवात केली तेव्हा वाटलं होतं इंजिनं चालवायला मिळतील, पण पहिले कित्येक महिने हातात खुरपं, ब्रश आणि पाणसळ एवढंच होतं, आणि आज विचाराल तर मला तेच काम जास्त आवडतं.

आधी माप डोक्यात पक्कं बसवा. आमची लाइन ४५ मिमी गेजची आहे, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर ४५ मिमी. हे गेज तसं जुनंच, पण १९६८ मध्ये जर्मनीच्या लेमान कंपनीने एलजीबी नावाने त्यावर १:२२.५ प्रमाणातल्या मीटरगेज गाड्या आणल्या आणि उघड्यावर चालणाऱ्या लाइनी वाढत गेल्या. ह्या प्रमाणाचा अर्थ असा की आपल्या रुळातला १ मिमीचा खड्डा म्हणजे खऱ्या रेल्वेत सव्वादोन सेंटीमीटरचा खड्डा. चाकाची कड, म्हणजे फ्लँज, खाली उतरते जेमतेम दोन-तीन मिमी, तेवढ्यावर सगळी गाडी रुळाला धरून असते. म्हणून "एवढंसं तर खाली गेलंय" हे वाक्य आमच्याकडे कोणी बोलत नाही.

आता माझा किस्सा सांगतो, त्यातच निम्मं शिक्षण आहे. एका वळणावर एकच चारचाकी डबा दर रविवारी घसरायचा. मी तिथे खडी भरली, रूळ दाबून सरळ केला, पुढच्या रविवारी परत घसरला, मग मी तिथला रुळाचा तुकडाच बदलला, तरी घसरला. आमच्यातले एक जुने काका आहेत, ते शांतपणे म्हणाले, "अरे, तो पडतोय तिथे बघू नकोस, दोन मीटर मागे जा आणि तिथून पाणसळ ठेवत ये." मी दर वीस सेंटीमीटरला रुळांवर आडवी पाणसळ ठेवत आलो, स्लीपरवर, म्हणजे रुळाखालच्या आडव्या पट्ट्यांवर, खडूने खुणा केल्या. वळण सुरू होतं तिथेच बाहेरचा रूळ दोनेक मिमी खाली बसलेला निघाला, आतला जागच्या जागी. म्हणजे रुळाला पीळ होता. त्या जागी डब्याचं पुढचं बाहेरचं चाक क्षणभर अधांतरी राहायचं, फ्लँज रुळाच्या डोक्यावर चढायची, तशीच थोडं अंतर चालायची आणि मग पुढे जाऊन खाली पडायची. काकांनी मला रुळाच्या डोक्यावरचा बारीक ओरखडा दाखवला, तो मी तीन आठवडे रोज बघत असूनही मला दिसला नव्हता. गाडी घसरली की डबा उचलायच्या आधी हा ओरखडा शोधा, तो जिथे सुरू होतो तिथून मागे दुखणं असतं.

आणि रूळ का बसला ते तर अजून खाली होतं. शेजारचा पाणी जायचा पाइप पानांनी तुंबलेला, पाणी खडीत साचायचं, खालची माती वर येऊन खडीत मिसळलेली, नुसता चिखल. वरून कितीही नवी खडी टाकली असती तरी चार पावसांत परत तेच झालं असतं. आम्ही मीटरभर खणून काढलं, पाइप मोकळा केला, मग नवी खडी. त्या जागी नंतर डबा घसरला नाही.

खडी कायम फोडलेली, कोनेदार घ्या. गोल गुळगुळीत खडे दिसायला छान असतात पण एकमेकांना धरत नाहीत, गाडी गेली की सरकतात. स्लीपर दोरीच्या लेव्हलला उचलायचे, खडी आत सारायची आणि लाकडाच्या पट्टीने ठासायची ती रुळाच्या खाली, दोन्ही बाजूंनी. स्लीपरच्या मधोमध ठासू नका, नाहीतर स्लीपर मध्यावर टेकून दोन्हीकडे डुलत राहतो. नवे लोक हमखास मधेच ठासतात, कारण तिथे हात सहज पोचतो. मग झारीने पाणी मारून बसू द्यायची, आणि परत पाणसळ. घाई असली तरी ही दुसरी पाणसळ सोडू नका.

सांध्यांचं वेगळंच प्रकरण असतं. पितळेचा १० मीटर रूळ ३० अंशांच्या फरकाने जवळजवळ ६ मिमी वाढतो, आणि उन्हात तापलेला रूळ हवेपेक्षा बराच जास्त गरम असतो. सांध्यांत फट ठेवली नाही तर ती वाढ कुठेतरी बाहेर पडणारच, रूळ आडवा वाकतो. म्हणून गारव्यात काम करत असाल तर फट जास्त ठेवा, भर उन्हात करत असाल तर कमी. सगळीकडे घट्ट क्लॅम्प मारत सुटू नका, मधे मधे सरकणारा सांधा हवाच, त्याच्या दोन्ही बाजूंना लवचिक वायरने जोडलं की रुळातून इंजिनाला मिळणारा करंट तुटत नाही.

करंटवरून आठवलं, इंजिन कुठे मंद होत असेल तर मल्टिमीटर लावा, पण गाडी त्या भागात चालू असतानाच. रिकाम्या रुळावर खराब सांधासुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो, लोड आला की मग खरं कळतं. मी एकदा ह्यात अख्खी सकाळ घालवली आहे. रुळावरचं व्होल्टेज कमी असतं, पण मेन्सची, म्हणजे घरच्या विजेची, जोडणी पावसापासून लांब, आतच ठेवायची, ह्यात तडजोड नाही. बॅटरीवरची किंवा वाफेची इंजिनं असतील तर करंटचा प्रश्नच नाही, रूळ मात्र तेवढाच नीट लागतो.

पॉइंटमध्ये, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागी, एक बारीक खडा अडकला तरी पात, म्हणजे तिथला सरकणारा टोकदार रूळ, पूर्ण टेकत नाही, आणि तेवढ्या फटीत चाक शिरतं. खडी टाकताना पॉइंटवर फडकं टाका. मुळं, मुंग्यांची वारुळं, सुकलेली पानं हे रोजचंच, त्यावर लिहीत नाही, खुरपं हातात घेतलं की कळेल.

काम झालं असं वाटलं की चाचणी इंजिनाने घेऊ नका, इंजिन जड असतं, दोष दाबून पुढे जातं. सगळ्यात हलका डबा घ्या आणि सगळ्यात लांब डबा घ्या, आधी सावकाश ओढत न्या, मग त्याच जागी उलटं ढकलत आणा. ढकलताना जो डबा पडत नाही तो सहसा ओढतानाही पडत नाही. मग वहीत तारीख, जागा आणि सापडलेलं कारण लिहा. "वळण दुरुस्त केलं" एवढंच नाही, "पाइप तुंबला होता" असं लिहा, म्हणजे पुढच्या पावसाळ्याआधी जो कोणी असेल तो आधी पाइप उघडून बघेल.