धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा हिशेब कसा मागावा

रत्नागिरी वा सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरील धूपप्रतिबंधक बंधारा पावसाळ्यात खचला, तर तोंडी तक्रारीवर थांबू नये. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ अन्वये अर्ज लिहून त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावावा आणि ‘काम निकृष्ट का झाले?’ असे न विचारता अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, करारनामा व मोजमाप पुस्तिका यांच्या प्रती मागाव्यात. कोणत्या मापाच्या कामाचे देयक निघाले हे मोजमाप पुस्तिकेतूनच उलगडते, म्हणून माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद तोच. अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तरी त्यांनी तो ५ दिवसांत योग्य ठिकाणी पाठवणे बंधनकारक आहे. ३० दिवसांत उत्तर न आल्यास पुढील ३० दिवसांत प्रथम अपील करावे. मिळालेल्या प्रती ग्रामसभेत वाचून दाखवाव्यात आणि ग्रामस्थांसमक्ष फेरमोजणीची मागणी ठरावात नोंदवून घ्यावी.