यशस्वी कर्णधाराकडून विद्यार्थ्यांनी धडे कसे घ्यावेत : अजित वाडेकरांच्या कर्णधारपदाचा अभ्यास

शाळा-महाविद्यालयांतील भाषणांत खेळाडूंची नावे पुष्कळदा घेतली जातात. 'त्यांची जिद्द घ्या, शिस्त घ्या' असे सांगितले जाते आणि विद्यार्थी माना डोलावून घरी जातात. दुसऱ्या दिवशी अभ्यासाला बसताना त्या जिद्दीचे नेमके काय करायचे, हे मात्र कोणालाच ठाऊक नसते. कर्णधाराकडून खरोखर काही शिकायचे असेल तर त्याचे गुण पाठ करण्याऐवजी त्याचे निर्णय तपासावेत, असे मला अनुभवाने वाटते. हा अभ्यास कसा करावा, हे दाखवण्यासाठी मी भारतीय क्रिकेट संघाचे माजी कर्णधार अजित वाडेकर यांचे उदाहरण घेत आहे. त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने 1971 साली प्रथम वेस्ट इंडिजमध्ये आणि नंतर इंग्लंडमध्ये कसोटी मालिका जिंकली. त्याआधी भारताने वेस्ट इंडिजला एकाही कसोटीत हरवले नव्हते आणि इंग्लंडच्या भूमीवर एकही कसोटी जिंकली नव्हती. वाडेकर स्वतः 37 कसोटी खेळले, त्यांत त्यांचे शतक एकच. म्हणजे हे यश एकट्याच्या पराक्रमाचे नव्हते. ज्याला वर्गात पहिला क्रमांक मिळत नाही, अशा विद्यार्थ्यालाही त्यातून घेण्यासारखे बरेच आहे.

पहिली पायरी : संपूर्ण चरित्र नको, एक निर्णय घ्या

एक वही करा. प्रत्येक पानावर कर्णधाराचा एकच निर्णय लिहा आणि त्याखाली चार प्रश्नांची उत्तरे मांडा. त्या क्षणी त्याला कोणती माहिती होती? त्याच्यापुढे दुसरे कोणते मार्ग होते? त्याने निवडलेल्या मार्गात धोका कोणता होता? शेवटी काय झाले? चौथे उत्तर मुद्दाम सर्वांत शेवटी लिहा, कारण निकाल आधी समजला की प्रत्येक निर्णय शहाणपणाचा किंवा मूर्खपणाचा वाटू लागतो आणि विचार तिथेच थांबतो. यासाठी सामन्याचा धावफलक जवळ असणे फार उपयोगी पडते. जुने धावफलक सहज मिळतात, आणि ते सावकाश वाचले तर कोणाच्या हाती चेंडू किती वेळ होता, झेल कोणी घेतले, कोणत्या क्रमांकावर कोण आले, हे सारे त्यांतून दिसू लागते.

दुसरी पायरी : नियम स्वतः वाचा

फेब्रुवारी 1971 मध्ये वेस्ट इंडिज दौऱ्यातील पहिली कसोटी किंग्स्टनला होती. पावसामुळे पहिला दिवस वाया गेला. मग भारताची अवस्था 5 बाद 75 झाली; पण दिलीप सरदेसाईंनी 212 धावा केल्या, एकनाथ सोलकरांनी 61 धावा काढून त्यांना साथ दिली आणि भारताने 387 पर्यंत मजल मारली. वेस्ट इंडिजचा डाव 217 धावांत आटोपला. आघाडी 170 धावांची होती. पाच दिवसांच्या सामन्यात फॉलोऑन देण्यासाठी, म्हणजे मागे पडलेल्या संघाला लगेच पुन्हा फलंदाजीला उतरवण्यासाठी, 200 धावांची आघाडी लागते, आणि बहुतेकांच्या मनात तोच आकडा होता. परंतु पहिला दिवस पूर्णपणे वाया गेला तर सामना चार दिवसांचा धरला जातो आणि मग 150 धावांची आघाडी पुरते. वाडेकरांनी प्रतिस्पर्धी कर्णधार गॅरी सोबर्स यांना फॉलोऑन दिल्याचे कळवले, तेव्हा सोबर्स यांनाही आश्चर्य वाटले. सामना अखेर अनिर्णित राहिला. रोहन कन्हाय यांनी नाबाद 158 धावा करून तो वाचवला. तरीही त्या दिवशी दोन्ही संघांना एक गोष्ट कळली, ती म्हणजे हा पाहुणा संघ घाबरून आलेला नाही. पुढच्याच कसोटीत भारत जिंकला.

आता हे अभ्यासाला कसे लावावे? परीक्षेच्या नियमांविषयी आपल्याकडील बहुतेक विद्यार्थ्यांची माहिती ऐकीव असते. पुनर्मूल्यांकनाचेच पाहा. महाराष्ट्राच्या राज्य मंडळाच्या परीक्षेत पुनर्मूल्यांकन हवे असेल तर आधी उत्तरपत्रिकेची छायाप्रत मागवावी लागते आणि या सगळ्याला मुदत असते. निकालाच्या दिवशी रडत बसलेल्या मुलाला हे कोणी तरी आठ-दहा दिवसांनी सांगते, तोवर वेळ निघून गेलेली असते. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच एका रविवारी बसून आपल्या मंडळाचे किंवा विद्यापीठाचे नियम मूळ पत्रकातून वाचावेत आणि चार गोष्टी वहीत उतरवून घ्याव्यात : लेखी परीक्षेला किती गुण व अंतर्गत मूल्यमापनाला किती, उत्तीर्ण होण्याची अट कोणती, एखादा विषय राहिला तर पुढच्या वर्गात जाता येते का, आणि निकालानंतर कोणता अर्ज किती दिवसांत करायचा. या कामाला दोन तास लागतात. सुट्टी, पाऊस, आजारपण यांमुळे परिस्थिती बदलली की नियमही बदललेला असू शकतो, हा किंग्स्टनचा खरा धडा आहे. त्यामुळे वेळापत्रकात बदल झाला की पत्रक पुन्हा पाहावे.

तिसरी पायरी : कोणाला काय येते याची यादी करा

ही पायरी सर्वांत महत्त्वाची आहे, म्हणून तिच्यावर अधिक वेळ द्यावा.

पोर्ट ऑफ स्पेनच्या दुसऱ्या कसोटीत वेस्ट इंडिजच्या दुसऱ्या डावात सलीम दुराणींनी क्लाइव्ह लॉइड आणि सोबर्स या दोन मोठ्या फलंदाजांना पाठोपाठ बाद केले. लॉइड यांचा झेल स्वतः वाडेकरांनी घेतला आणि सोबर्स शून्यावर त्रिफळाचीत झाले. दुराणींनी त्या डावात 17 षटकांत 21 धावा दिल्या आणि बळी घेतले ते हेच दोन. आकडा लहान दिसतो, पण सामना तिथे फिरला आणि भारत सात गडी राखून जिंकला. त्याच सामन्यात सुनील गावसकर यांनी पदार्पण करून 65 आणि नाबाद 67 धावा केल्या. दुराणी अनुभवी आणि लहरी खेळाडू म्हणून ओळखले जात, तर गावसकर अगदी नवखे. दोघांसाठीही त्या संघात काम होते.

काही महिन्यांनी लंडनच्या ओव्हल मैदानावर, ऑगस्ट 1971 मध्ये, इंग्लंडचा दुसरा डाव 101 धावांत संपला. भागवत चंद्रशेखर यांनी 38 धावांत 6 बळी घेतले. लहानपणी पोलिओ झालेल्या उजव्या हाताने गोलंदाजी करणारे चंद्रशेखर त्या वर्षीच्या इंग्लंड दौऱ्यापूर्वी सुमारे साडेतीन वर्षे कसोटी संघाबाहेर होते. त्यांची गोलंदाजी वेगवान फिरकीची होती आणि एखाद्या षटकात ती बरीच महागही पडू शके. वाडेकरांनी त्यांच्या हाती चेंडू ठेवला आणि फलंदाजाच्या अगदी जवळ सोलकरांना उभे केले. हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करणाऱ्या माळ्याच्या घरात वाढलेल्या सोलकरांनी 27 कसोटींत 53 झेल घेतले. ॲलन नॉट यांचा पुढे झेपावून घेतलेला झेल त्या दिवसाचे चित्र म्हणून आजही आठवला जातो. फिरकी गोलंदाजांचे बळी आणि सोलकरांचे झेल वेगळे काढता येत नाहीत. एकाला दुसऱ्यावाचून अर्थ नव्हता.

गटाने करायच्या प्रकल्पात आपण नेमके याच्या उलट वागतो. चौघांचा गट झाला की काम चार समान भागांत वाटले जाते, किंवा हुशार समजली जाणारी एक मुलगी सगळे काम करते आणि बाकीचे तिघे मुखपृष्ठावर नावे लिहितात. त्याऐवजी पुढील रीतीने काम वाटून पाहावे. पहिल्या बैठकीत विषयाची चर्चाच करू नये. प्रत्येकाने आपल्याला सहज जमणारी एक गोष्ट आणि न जमणारी एक गोष्ट सांगावी. कोणाचे अक्षर सुबक असते, कोणी अनोळखी माणसाशी मोकळेपणाने बोलून माहिती काढू शकतो, कोणाला आलेख नीट काढता येतात, तर कोणी फारसे बोलत नाही पण चूक अचूक पकडतो. मग कामांची यादी करावी आणि माणूस व काम यांच्या जोड्या जुळवाव्यात. जोड्या असे मी मुद्दाम म्हणतो, कारण प्रत्येक कामामागे झेल घ्यायला दुसरा कोणी तरी उभा असला पाहिजे. मुलाखत घेणाऱ्याबरोबर टिपणे घेणारा हवा, आणि लिहिणाऱ्याबरोबर तपासणारा. शांत मुलाला शेवटी उरलेले काम देऊ नये. त्याला काय जमते हे गटप्रमुखाने आधी जाऊन विचारावे.

इथे एक इशाराही दिला पाहिजे. त्या इंग्लंड दौऱ्यात एरापल्ली प्रसन्ना यांच्यासारखा श्रेष्ठ ऑफस्पिनर एकाही कसोटीत खेळला नाही. ती जागा वेंकटराघवन यांना मिळाली. मालिका जिंकली म्हणून त्या निवडीवरचे प्रश्न संपत नाहीत. मला स्वतःला प्रसन्ना यांच्याविषयी हळहळ वाटते. यशस्वी माणसाचा प्रत्येक निर्णय बरोबरच असतो असे गृहीत धरले तर ही वही स्तुतीची वही होईल. म्हणून निदान एका पानावर आपल्याला न पटलेला निर्णय लिहावा, आणि का पटला नाही तेही लिहावे.

चौथी पायरी : आपला वाटा पूर्ण झाला की मन सोडवून घ्या

ओव्हलवर जिंकण्यासाठी 173 धावा हव्या होत्या. शेवटच्या दिवशी सकाळी वाडेकर 45 धावांवर धावबाद झाले. ते ड्रेसिंग रूममध्ये गेले आणि चक्क झोपले. भारत जिंकल्याचे सांगायला त्यांना जागे करावे लागले. उरलेले काम करायला सरदेसाई, विश्वनाथ आणि इंजिनिअर समर्थ आहेत, हे त्यांना ठाऊक होते.

एक पेपर झाल्यावर मैत्रिणीबरोबर सगळी उत्तरे पडताळत बसण्याची सवय आपल्याला असते. त्यातून गुण वाढत नाहीत आणि पुढच्या पेपरची संध्याकाळ मात्र जाते. प्रश्नपत्रिका पिशवीत ठेवावी, जेवावे, तासभर झोपावे आणि पुढचा विषय उघडावा. परीक्षा पूर्ण संपल्यावर हवी तेवढी पडताळणी करावी.

पाचवी पायरी : ज्याची जागा मिळाली त्याच्याशी कसे वागावे, हे ठरवून ठेवा

वाडेकर कर्णधार झाले ते मन्सूर अली खान पतौडी यांच्या जागी, आणि तेही निवड समितीचे अध्यक्ष विजय मर्चंट यांच्या निर्णायक मताने. पतौडी वेस्ट इंडिजला गेले नाहीत. पण 1972-73 मध्ये इंग्लंडचा संघ भारतात आला, तेव्हा मद्रासच्या कसोटीत ते वाडेकरांच्या नेतृत्वाखाली खेळले, त्यांनी 73 धावा केल्या आणि भारताने तो सामना जिंकला. मालिकाही भारताने 2-1 अशी जिंकली.

वर्गप्रतिनिधीची निवडणूक, स्नेहसंमेलनाचे सचिवपद, एकांकिकेतील मुख्य भूमिका, अशा ठिकाणी महाविद्यालयांत आयुष्यभराचे अबोले सुरू होतात. जिंकलेल्या विद्यार्थ्याने पहिल्या आठवड्यातच हरलेल्याकडे जावे आणि 'मदत कर' असे मोघम न बोलता एखादे ठरावीक, मानाचे काम त्याच्यापुढे ठेवावे. त्याने नकार दिला तर आग्रह धरू नये. दार मात्र उघडे ठेवावे. हरलेल्याच्या बाजूने पाहिले तर पतौडींचे परत येणेही तितकेच अभ्यासण्यासारखे आहे. त्यासाठी वहीत वेगळे पान ठेवावे.

सहावी पायरी : पराभवाचे पान वगळू नका

1974 साली वाडेकरांच्या संघाने इंग्लंडमध्ये तिन्ही कसोटी गमावल्या. लॉर्ड्सवर दुसऱ्या डावात भारत 42 धावांत गारद झाला. तीन वर्षांपूर्वी ज्यांच्या स्वागताला गर्दी लोटली होती, त्यांच्यावर त्याच लोकांनी राग काढला. वाडेकरांचे कर्णधारपद गेले आणि त्यांनी खेळ सोडला. स्टेट बँक ऑफ इंडियातील नोकरी मात्र सुरू होती. खेळाबरोबर शिक्षण आणि नोकरी सांभाळल्याचा आधार तेव्हा उपयोगी पडला असणार. पुढे 1992 मध्ये ते व्यवस्थापक म्हणून भारतीय संघाकडे परतले. त्यांच्या याच कारकिर्दीत, मार्च 1994 मध्ये न्यूझीलंडमधील ऑकलंडला एकदिवसीय सामन्याच्या वेळी सलामीवीर नवज्योतसिंग सिद्धूंची मान आखडल्यामुळे सलामीची जागा रिकामी झाली आणि सचिन तेंडुलकरने ती मागितली. कर्णधार अझरुद्दीन आणि वाडेकर या दोघांनी होकार दिला. तेंडुलकरने 49 चेंडूंत 82 धावा केल्या.

अपयशाचे पान लिहिताना रकाने दोन करावेत. एका रकान्यात आपल्या हातातील कारणे लिहावीत, दुसऱ्यात हाताबाहेरची. लॉर्ड्सची हवा आणि चेंडूची हालचाल दुसऱ्या रकान्यात जाईल. संघातील मतभेद पहिल्या रकान्यात. आपल्या बाबतीत पेपर अवघड निघाला हे दुसऱ्या रकान्यात आणि तीन धडे शेवटच्या रात्रीसाठी ठेवले हे पहिल्या रकान्यात येईल. पहिल्या रकान्यातील एकच ओळ निवडावी आणि पुढच्या चाचणीपर्यंत तेवढीच सुधारावी.

सातवी पायरी : लहान जागेपासून सुरुवात करा

विज्ञान शाखेचे विद्यार्थी असलेले वाडेकर एल्फिन्स्टन महाविद्यालयात बसने जात. महाविद्यालयाच्या संघातील खेळाडू बाळू गुप्ते त्याच बसमध्ये असत. महाविद्यालयाच्या संघाला बारावा खेळाडू हवा होता. येतोस का, असे त्यांनी वाडेकरांना विचारले. दिवसाला तीन रुपये मिळणार होते. वाडेकर गेले. बाराव्या खेळाडूचे काम पाणी नेण्याचे आणि मैदानाच्या कडेला बसून सामना पाहण्याचे असते.

तुमच्या महाविद्यालयात या आठवड्यात कोणत्या मंडळाला, कोणत्या संघाला किंवा कोणत्या प्रयोगशाळेला असा माणूस हवा आहे, याची चौकशी करा आणि ते काम एका सत्रापुरते घ्या. कडेला बसून जे निर्णय पाहाल, ते त्याच वहीत, त्याच चार प्रश्नांखाली लिहीत जा.