गुरगुरणाऱ्या कुत्र्याला दटावू नका

दत्तक आणलेला कुत्रा तुम्हालाच चावत असेल, तर त्याचं गुरगुरणं दाबू नका. गुरगुरल्यावर मार मिळाला की तो इशारा देणंच सोडतो आणि थेट दात लावतो. त्याच्याही आधी खुणा दिसतात: अंग ताठ होतं, तोंड वळवतो, ओठ चाटतो, डोळ्यांचा पांढरा भाग दिसतो. तिथेच हात मागे घ्या. ‘मालक कोण ते दाखवून दे’ हा सल्ला सरळ कानाआड करा. तोंडातली वस्तू हिसकावू नका, बदल्यात खाऊ द्या. अचानक चावायला लागला असेल तर आधी पशुवैद्याला दाखवा. कान, दात, सांधे दुखत असतील. चावलाच, तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवा आणि लगेच डॉक्टरकडे जा, कुत्र्याला लस दिलेली असली तरी.