चिनी ऑपेराच्या नटांचा सूडपट कसा पाहावा

नुसती हाणामारी बघायची असेल तर कुठलाही कुंग फू पट चालेल. पण नायक चिनी ऑपेराचा, म्हणजे गाणं, अभिनय आणि कसरती एकत्र असलेल्या नाटकाचा नट असेल, तर रंगमंचावरचा प्रसंग घाईनं पुढे सरकवू नका. बहुतेक जण तिथेच फसतात. झांजांचा कल्लोळ ऐकून ‘हे आटोपलं की खरा सिनेमा सुरू होईल’ असं धरून चालतात, आणि शेवटच्या मारामारीची किल्ली तिथेच सोडून येतात.

आधी प्रिंट तपासा. हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रपट कंपनीचे १९७० च्या आसपासचे पट २.३५:१ अशा रुंद चौकटीत चित्रित झाले आहेत. जुन्या टीव्हीसाठी ४:३ मध्ये कापलेल्या प्रतीत चित्राचा चाळीस टक्क्यांहून अधिक भाग जातो. दोघं बोलताहेत आणि एकाचं फक्त नाक दिसतंय, असं झालं की ती प्रत ठेवून द्या, कारण मारामारीतही कडेनं येणारा सुरा तुम्हाला दिसणार नाही. आवाज मँडरिन या चिनी भाषेतला ठेवा, खाली सबटायटल. ओठ जुळत नाहीत म्हणून वैतागू नका. संवाद नंतर भरण्याचीच तेव्हा पद्धत होती.

सुरुवात दिग्दर्शक चांग चेह यांच्या १९७० च्या ‘व्हेंजन्स’पासून करावी. थोरल्या भावाच्या भूमिकेत ‘ती लुंग’ हा नट, धाकट्याच्या भूमिकेत डेव्हिड चियांग. थोरला मंचावर करतो तो खेळ लुओ थोंग या योद्ध्याचा: पोट फाटलं, आतडं बाहेर आलं, तर ते कमरेला गुंडाळून हा गडी लढतच राहतो. पुढे चहाघरात थोरल्यावर खरोखरचा हल्ला होतो आणि कॅमेरा त्या मंचाकडे पुन्हापुन्हा जातो. म्हणून मंचावरचा प्रसंग दोनदा पाहा. पहिल्यांदा डोळे मिटून नुसता ऐका, दुसऱ्यांदा नटाचं शरीर पाहा.

ऐकायचं काय? सगळ्या वाद्यांचा म्होरक्या म्हणजे लहानसा, कोरडा, टकटक वाजणारा ढोल. तो वाजवणारा नटाकडे नजर लावून असतो, आणि थाळीसारखी घंटा व झांजा त्याच्या इशाऱ्यावर चालतात. हालचालींची एक लड संपली की घंटेचा ठोका पडतो आणि नट जागच्या जागी गोठतो. या थांब्याला लियांगशियांग म्हणतात. हा एकदा कानात बसला की चहाघरातही तो सापडेल: चार-पाच वार, क्षणभर थांबा, पुन्हा वार. तिथे घंटा नसते, ठेका मात्र तोच. ज्यांना या मारामाऱ्या ‘नाचल्यासारख्या’ वाटतात त्यांची तक्रार खरी आहे, फक्त तो दोष नव्हे.

आता शरीर. सेनापतीच्या पाठीवर चार झेंडे आणि पायात जाड पांढऱ्या तळाचे बूट असतात. असल्या बुटांत एका पायावर तोल धरणं म्हणजे काय, हे उभं राहून पाहिलं तरच कळतं. कपाळाची पट्टी जरूर बघा. ओली पट्टी करकचून आवळून भुवया आणि डोळ्यांचे कोपरे वर खेचलेले असतात. ढिली राहिली तर कोलांटीत शिरपेच निसटतो; फार आवळली तर नटाला गरगरतं, प्रसंगी ओकारीही येते. मंचावरचं मरणही ठरलेलं असतं: ताठ शरीरानं, गुडघा न वाकवता, थेट पाठीवर पडायचं. मान आत घेतली नाही तर डोकं आपटतं. ही पडण्याची रीत लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

चेहऱ्यावरच्या रंगांच्या बाबतीत सगळ्यात जास्त गोंधळ होतो. लाल चेहरा निष्ठावंताचा, पांढरा कपटी माणसाचा, काळा रोखठोक माणसाचा, हे खरं. पण ही नक्षी मुख्यतः चिंग नावाच्या पात्रवर्गाची. शंग म्हणजे पुरुषपात्रं आणि दान म्हणजे स्त्रीपात्रं यांचा चेहरा बहुधा नुसता गुलाबी-पांढरा असतो, म्हणून नायकाच्या चेहऱ्यावर सांकेतिक रंग शोधत बसू नका. मंचाबाहेर तर हे शास्त्र उलटंच होतं. खलनायक सुटाबुटात, गणवेशात, चेहरा कोराच. आणि डेव्हिड चियांगचा पांढरा सूट? चिनी रिवाजात कापडाचा पांढरा हा सुतकाचा रंग. शिवाय पांढऱ्यावर रक्त लगेच दिसतं, हाही हिशेब दिग्दर्शकाचा आहेच.

अंधारातली झटापट आली की ‘सान छा खोऊ’ हा जुना खेळ आठवावा. मंचावर लख्ख उजेड असतो, दोघे मात्र मिट्ट काळोखात असल्यासारखे चाचपडत लढतात, आणि तलवार नाकासमोरून बोटभर अंतरानं जाते. पडद्यावर दिवा विझवून अशी झटापट दाखवली, तर ती बहुतेक याच शाळेतून आलेली.

इथवरचा ऑपेरा बीजिंगच्या धाटणीचा; कथा दक्षिण चीनची, फोशान शहराकडची असेल तर गणित बदलतं. तो कँटोनीज, म्हणजे त्या दक्षिणी भाषेतला ऑपेरा, एकेकाळी नदीवरून लाल नावांतून फिरणारा. १८५४ मध्ये ली वेनमाओ हा नट चीनवर तेव्हा राज्य करणाऱ्या छिंग घराण्याच्या सत्तेविरुद्धच्या उठावात पुढारी झाला. त्यानंतर सत्तेनं या ऑपेरावरच बंदी घातली. त्यामुळे अशा पटात नट लपूनछपून वावरताना दिसला तर ती नुसती खाजगी भानगड समजू नका.

शेवटची मारामारी आली की दोन मिनिटं आवाज बंद करून थांबे मोजा, मग आवाज लावून तोच भाग पुन्हा पाहा. नायक कोसळतो तिथे प्रतिमा थांबवा आणि गुडघे बघा: वाकलेत, की मंचावर शिकवल्यासारखे ताठ आहेत?