पाटीवर काय लिहायचं? पार्लर काढणाऱ्या पोरींसाठी

अमळनेरात पार्लर काढलं तेव्हा पाटीवर मी ठळक अक्षरांत ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ रंगवून घेतलं होतं. तीन महिन्यांच्या क्लासने दिलेल्या डिप्लोमावर तोच शब्द होता. आठवडाभरात गल्लीतली एक आजी पायावरचा चट्टा दाखवायला आली आणि विचारलं, “तू डागदरीन से का व माय?” मी नाही म्हटलं, तर ती गोंधळून पाटीकडे बघत राहिली.

त्याच आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) माहेरी आलेल्या एका पोरीला ब्लीच लावलं. पॅच टेस्ट, म्हणजे आधी थोडंसं लावून बघणं, क्लासमध्ये कुणी शिकवलीच नव्हती. पाच मिनिटांत तिचे गाल लालबुंद झाले, डोळ्यांतून पाणी यायला लागलं. गार पाण्याने चेहरा धूत राहिले आणि तिला त्वचारोगतज्ज्ञांकडे मीच घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी पाटी उतरवली.

म्हणून पोरींनो, आधी शब्द नीट समजून घ्या. थ्रेडिंग, वॅक्स, क्लीनअप, फेशियल करणारी ती ब्युटिशियन. प्रमाणपत्रांच्या भाषेत ब्युटी थेरपिस्ट. केसांचं काम करणारी हेअर स्टायलिस्ट, नवरी सजवणारी मेकअप आर्टिस्ट. त्वचेच्या आजाराचं निदान आणि औषध हे त्वचारोगतज्ज्ञांचं काम. ते एमबीबीएसनंतर त्वचारोगात एमडी किंवा डिप्लोमा केलेले असतात. ‘कॉस्मेटॉलॉजिस्ट’ हा शब्द मात्र दोन्हीकडे चालतो, आणि घोळ तिथेच होतो. आयटीआयच्या ट्रेडचंही नाव कॉस्मेटॉलॉजीच आहे. तो केला असेल तर ‘ब्युटिशियन’ लिहा आणि खाली बारीक अक्षरांत ‘आयटीआय, कॉस्मेटॉलॉजी’. नावामागे ‘डॉ.’ कधीच नको. बोटॉक्स, फिलर अशी सुईची कामं मैत्रिणीने कितीही गळ घातली तरी हातात घेऊ नका.

शिकायचं कुठे? दहावी झालेली असेल तर माझं मत स्पष्ट आहे: आयटीआय. एक वर्षाचा कोर्स, अर्ज दहावीच्या निकालानंतर ऑनलाइन, आणि शेवटी राष्ट्रीय व्यवसाय प्रमाणपत्र. वर्षभर रोज हाताखालून काम जातं, ते तीन महिन्यांत येत नाही. तेवढा वेळ नसेल तर ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे कोर्स बघा. त्यात असिस्टंट ब्युटी थेरपिस्ट ही खालची पायरी, ब्युटी थेरपिस्ट त्याच्या वरची.

माझ्यासारखं काम आधीच येत असेल, तर आरपीएल म्हणून सोय आहे, म्हणजे आधीपासून येणारं काम तपासून प्रमाणपत्र. परीक्षक समोर बसून हाताचं काम बघतात. माझ्या वेळी परीक्षक बाईंनी थ्रेडिंगचा धागा कसा धरते तेही पाहिलं आणि वॅक्सचा स्पॅच्युला भांड्यात दुसऱ्यांदा बुडवला म्हणून टोकलं. ते टोकणं मला अजून उपयोगी पडतंय.

सिडेस्को हे नाव जळगाव-धुळ्याच्या जाहिरातींत दिसतं. ही सौंदर्यक्षेत्रातली 1946 पासूनची आंतरराष्ट्रीय संस्था, मुख्यालय स्वित्झर्लंडमध्ये झुरिकला. तिच्या डिप्लोमाला परदेशात मान आहे. पण खर्च मोठा. अमळनेर-पारोळ्यात पार्लर चालवायचं असेल तर त्यासाठी कर्ज काढू नका.

क्लासला फी भरण्याआधी विचारा: परीक्षा कोण घेतं, प्रमाणपत्रावर कुणाचं नाव येतं? उत्तर ‘आमच्याच क्लासचं’ असेल तर ती फक्त हजेरीची पावती समजा. आणि भिंतीवर फ्रेम करून लावलेला गुमास्ता म्हणजे शिक्षण नव्हे, ती दुकानाची नोंद आहे. मोजकीच माणसं कामाला असतील तर दुकानांच्या 2017 च्या कायद्याप्रमाणे ऑनलाइन सूचना दिली की पावती मिळते.

आता माझ्या पाटीवर ‘ब्युटिशियन’ एवढंच आहे. आखाजीच्या गर्दीतही ब्लीचची बाई आधल्या दिवशी बोलावते, कानामागे वाटाण्याएवढं मिश्रण लावून, धुऊन घरी पाठवते. चोवीस तासांत खाज, लाली, काही आलं नाही तरच चेहऱ्याला हात लावते.