टर्मिनलवरून सॉफ्टवेअर टाकताना या चुका टाळा

नवशिक्याला टर्मिनलवरून, म्हणजे कमांड टाइप करायच्या विंडोतून, काही इन्स्टॉल करून द्यायला बसलं की मला आताशा आधीच कळतं, गाडी कुठे अडणार ते. कमांड अवघड नसतात हो. अवघड असतं ते मशीन काय म्हणतंय ते वाचणं. लिनक्सचे उबुंटू-डेबियन हे प्रकार धरून लिहितोय, बाकीकडे नावं बदलतात, चुका त्याच.

किरकोळ आधी उरकतो. सुडोने (ॲडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारी आज्ञा) पासवर्ड मागितला की टाइप करताना बहुतेक ठिकाणी काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. कीबोर्ड ठीक आहे, टाइप करून एंटर मारा. कमांडच्या आधी छापलेलं डॉलरचं चिन्ह कॉपी करू नका, ते प्रॉम्प्ट आहे, म्हणजे ‘आता टाइप करा’ अशी टर्मिनलची खूण. आणि टर्मिनलमध्ये कंट्रोल-सी म्हणजे कॉपी नाही, चालू काम थांबवणं, कॉपी करायला सोबत शिफ्टही दाबायचं.

‘अनेबल टू लोकेट पॅकेज’, म्हणजे सॉफ्टवेअरचं पॅकेज सापडत नाही, असं आलं की लोक लगेच कुठलीतरी रिपॉझिटरी (पॅकेजेसचं ऑनलाइन भांडार) जोडायला धावतात. ॲप्ट म्हणजे पॅकेज टाकणारं-काढणारं टूल, अरे आधी सुडो ॲप्ट अपडेट मारा ना! त्याने सॉफ्टवेअर अपडेट होत नाही, पॅकेजची यादी ताजी होते, सॉफ्टवेअरसाठी अपग्रेड वेगळं आहे. तरी नाही सापडलं तर नाव बघा, पिप (पायथनची पॅकेजेस टाकणारं टूल) हवं असेल तर पॅकेजचं नाव पायथन३-पिप असतं. मी कधीच नाव आठवून टाइप करत नाही, आधी ॲप्ट सर्च.

आता पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा. याच्यावर मी तासभर बोलू शकतो.

ऑफिसातल्या एका पोराला पायथनची नवी व्हर्जन हवी होती. कुठलासा व्हिडिओ बघून त्याने नवी टाकली, इथपर्यंत ठीक, पण मग अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज (एका नावामागे कुठली व्हर्जन चालेल ते ठरवणारं टूल) वापरून सिस्टिमचं पायथन३ हे नावच नव्या व्हर्जनकडे वळवलं, कारण व्हिडिओत तसं होतं. मग टर्मिनल उघडेना. आयकॉनवर क्लिक केलं की कर्सर जरा फिरायचा आणि गप्प. माझ्याकडे आला तेव्हा पेन ड्राइव्ह हातात, अख्खं उबुंटू परत टाकायच्या तयारीत! कंट्रोल-आल्ट-एफ३ दाबून काळ्या कन्सोलवर लॉगिन केलं आणि त्याला ग्नोम टर्मिनल, म्हणजे त्याचं टर्मिनल ॲप, ज्या फाइलने सुरू होतं तिची पहिली ओळ दाखवली. तिथे चक्क पायथन३ चा पाथ, म्हणजे पत्ता. म्हणजे टर्मिनल उघडणारी फाइल स्वतःच पायथन स्क्रिप्ट, तिला लागणारं मॉड्यूल सिस्टिमच्या जुन्या व्हर्जनसाठी बांधलेलं, नव्या पायथनला ते लोड होईना, मग टर्मिनल कसलं उघडतंय. अपडेट-अल्टरनेटिव्ह्जमध्ये जाऊन जुनी व्हर्जन परत निवडली, झालं. ज्या कामाला दोन मिनिटं लागली त्यासाठी हा गडी डिस्क फॉरमॅट करणार होता.

सिस्टिमचं पायथन तुमचं नाही, सिस्टिमचं आहे. नवी व्हर्जन शेजारी राहू द्या आणि तिच्या पूर्ण नावाने हाक मारा. सुडो पिप इन्स्टॉलचंही तेच, म्हणून तर २०२३ पासून, डेबियन १२ आणि उबुंटू २३.०४ पासून, पिप ‘एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ (हे पायथन सिस्टिम सांभाळते) म्हणून अडवतं. यावर नेटवर मिळणारा शॉर्टकट म्हणजे ‘ब्रेक सिस्टिम पॅकेजेस’ हा फ्लॅग. नावातच लिहिलंय काय होऊ शकतं, तरी लोक लावतात! मी प्रत्येक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये वेगळं व्हेन्व्ह, म्हणजे त्या प्रोजेक्टपुरतं वेगळं पायथन, बनवतो, बिघडलं की व्हेन्व्हचं फोल्डर उडवायचं.

दुसरी लाडकी चूक म्हणजे ॲप्टने ‘पुढे जाऊ का’ विचारलं की न वाचता वाय (येस) दाबणं. प्रश्नात वाय मोठा आणि एन छोटा दिसतो, त्याचा अर्थ नुसतं एंटर मारलं तरी होच धरलं जातं. त्याच्या वरच काय टाकणार, काय काढणार याची यादी असते, त्यातली काढणारची यादी तरी बघा. २०२१ मध्ये एका नावाजलेल्या यूट्यूबरने पॉप ओएसवर (उबुंटूवर बेतलेलं लिनक्स) स्टीम हे गेम्सचं ॲप टाकायला घेतलं, पॅकेजमध्ये गडबड होती, ॲप्टने स्पष्ट बजावलं की अत्यावश्यक पॅकेजेस उडतील आणि वर ‘येस, डू ॲज आय से’ असं पूर्ण वाक्य टाइप करायला लावलं. गड्याने केलं टाइप. डेस्कटॉप गायब! पॅकेजची चूक होतीच, पण इशारा समोर होता की. पुढे ॲप्टमध्येच असली वाट बरीच कडक केली.

‘कुड नॉट गेट लॉक’, म्हणजे दुसरी प्रोसेस पॅकेजचं काम अडवून बसलीय, असं आलं तर थांबा. बॅकग्राउंडला अपडेट चालू असतं, होईल पाच-दहा मिनिटांत. लॉक फाइल डिलीट करा असं सांगणारे खूप भेटतील, त्यांचं ऐकू नका, दोन प्रोसेस एकाच वेळी पॅकेजच्या डेटाबेसमध्ये लिहायला लागल्या तर निस्तरणार तुम्हीच. इन्स्टॉल मध्येच तुटलं असेल तर डीपीकेजीला (ॲप्टच्या खाली प्रत्यक्ष पॅकेज बसवणारं टूल) कॉन्फिगर आणि ए हे ऑप्शन देऊन सुडोने चालवा, अर्धवट राहिलेलं ते पूर्ण करतं.

इन्स्टॉल झालं पण ‘कमांड नॉट फाउंड’? टर्मिनल बंद करून नवीन उघडा, बऱ्याचदा पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी, तेवढ्यानेच ताजा होतो.

आणि ते कर्लने (नेटवरून फाइल उतरवणारी कमांड) स्क्रिप्ट ओढून थेट सुडो बॅशला पाजणं, म्हणजे न बघता ॲडमिनच्या अधिकाराने चालवणं. बऱ्याच चांगल्या प्रोजेक्टच्या पानावरही हीच ओळ असते, त्यामुळे कधीच करू नका म्हणणार नाही. मी आधी फाइलमध्ये उतरवून घेतो, लेसने (फाइल वाचायची कमांड) उघडतो आणि सुडो कुठे कुठे आहे, आरएम (फाइल डिलीट करणारी कमांड) कशावर चाललंय एवढं शोधतो. पटलं तर चालवतो, नाही तर तेच सॉफ्टवेअर ॲप्टमध्ये आहे का बघतो, थोडी जुनी व्हर्जन मिळाली तरी चालते मला.